पळाली म्हणून तीन फेऱ्या

प्रति,
मा. अध्यक्ष, सर्व सदस्य आणि मुख्याध्यापिका बाई,
शालेय समिती, सातारा

(शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाकीच्यांनी आपापल्या मुलांची शाळा डोळ्यांपुढे आणली तरी चालेल.)

स. न. वि. वि.

माझी नात तुमच्या शाळेत दुसरीत आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला होता. मैत्रिणीने पाठीत धपाटा घालून "तुझ्यावर राज्य" म्हटलं आणि ही सुटली तिच्या मागे. आदल्याच संध्याकाळी तुमची सूचना पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती: पहिली ते चौथीच्या विद्यार्थ्यांनी मधल्या सुट्टीत मैदानात पळू नये. नियम मोडला म्हणून सरांनी तिला मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या.

पळाली म्हणून पळायला लावलं. घरी हे ऐकून माझ्या मुलाला हसू आलं. मलाही आलं. मग संध्याकाळी गल्लीत कुल्फीवाल्याची घंटा वाजली. एरवी घंटा ऐकली की ही चपला न घालता फाटकाकडे झेप घेते आणि मी मागून "अगं पडशील" म्हणून ओरडते. त्या दिवशी ती पायरीवर थांबली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आजी, पळू का?"

सात वर्षांचं पोर कुल्फीच्या गाडीकडे पळायला परवानगी मागतं, हे मला गप्प बसून बघवलं नाही. आधी रीतसर अर्ज दिला. ऑफिसातून पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. तीन आठवडे वाट पाहिली, आता उघड लिहिते आहे.

मी कोण, तेही सांगते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी माण तालुक्यात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीसुद्धा फेऱ्या मारायला लावायचे. प्रार्थना सुरू झाल्यावर जो येईल त्याने झेंड्याच्या खांबापासून कुंपणापर्यंत पाच फेऱ्या मारायच्या. छडी वापरत नाही याचा मला केवढा अभिमान होता! तिसरीतला एक मुलगा रोज उशिरा यायचा. त्याची वस्ती तीनेक किलोमीटर लांब. सकाळी पाणी भरायचं, शेरडं सोडायची, मग निघायचं. उशीर होऊ नये म्हणून तो सगळी वाट पळत यायचा, आणि आला की मी त्याला आणखी पळवायचे. तो कधी काही बोलला नाही. एक दिवस तिसऱ्या फेरीला खांबाशी थांबला, खाली बसला, पायातला काटा काढला, थुंकी लावली, उठला आणि उरलेल्या दोन फेऱ्या मोजून पुऱ्या केल्या. पुढच्या आठवड्यात तो एकदाही उशिरा आला नाही, कारण शाळेतच आला नाही. वस्तीवर जाऊन मी त्याला परत आणलं. पण नंतर केंद्राच्या स्पर्धांना पळण्यात नाव देऊ का विचारलं, तर म्हणाला, "नको बाई, पळायचं नको." वर्गात त्याच्याएवढं चपळ कुणी नव्हतं.

तेव्हा मी काही तुमच्याहून शहाणी म्हणून लिहीत नाही. ही चूक आधी करून बसलेली बाई म्हणून लिहिते आहे.

आता तक्रारी.

बंदीचं कारण तुम्ही सांगितलंत ते मला माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये पहिलीतला एक मुलगा पळताना पडला, हनुवटीला तीन टाके पडले. त्याच्या आईने ऑफिसात येऊन आवाज चढवला, आणि कुठल्याही आईने चढवला असता. पण तो पडला कुठे? मैदानाच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, जिथे दोन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवले. बस उभ्या करायला आणि गॅदरिंगचं स्टेज घालायला ते सोयीचे आहेत, मान्य. पण पावसाळ्यानंतर त्यातले काही उचकटलेत, कडा वर आल्यात, आणि वर बारीक कचखडी पसरलेली असते. मातीत पडलेल्या पोराचा गुडघा सोलवटतो, हळद लावली की झालं. ब्लॉकवर पडलेल्याची हनुवटी फुटते. चूक जमिनीची आणि बंदी पायांवर, हा कुठला न्याय? तो ब्लॉक अजून तसाच वर आलेला आहे. परवा मीच त्याला ठेचकाळले.

पीटीचा तास. वेळापत्रकात छोट्यांना आठवड्याला दोन आहेत. त्यातला गुरुवारचा गणिताच्या उजळणीला जातो, आणि सोमवारचा रांग लावणे, विश्राम, सावधान, डावीकडे वळणे यात. मुलं रांगेत उभी राहायला शिकली आहेत, उत्तम शिकली आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी. शाळा, रिक्षा, क्लास, गृहपाठ यातून घरी ती तासभर होते असं कुणाला वाटत असेल, तर त्याने संध्याकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत यावं. कुत्री पळताना दिसतील.

तिसरी तक्रार शिक्षेची. मला सगळ्यात जास्त खुपते ती हीच. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यात कलम १७ आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना मनाई. फेऱ्या त्यात बसतात की नाही यावर मी वकिली करत नाही. मी शिक्षिका आहे, मला एवढं कळतं की मुलाला जी गोष्ट आपण शिक्षा म्हणून करायला लावतो ती त्याला घाण वाटायला लागते. दहा वेळा शुद्धलेखन लिहायला लावलेल्या मुलाला अक्षराचा राग येतो. कविता शिक्षा म्हणून पाठ करायला लावा, पोर कवितेचं तोंड पाहणार नाही. तुम्ही एका बाजूने खुशीतलं पळणं बंद केलंत आणि दुसऱ्या बाजूने शिक्षेतलं चालू ठेवलंत. म्हणजे तुमच्या शाळेत आज पळताना जे मूल दिसेल ते काहीतरी चुकलेलं मूल असतं. मुलांना हे बरोबर समजतं. नातीने मला सांगितलंच: "आज तो पळत होता ना, म्हणजे त्याने काहीतरी केलं असणार."

आणि हे सगळं कुठे, तर साताऱ्यात. दर वर्षी हिल मॅरेथॉनला हजारो माणसं यवतेश्वरचा घाट हौसेने, पैसे भरून पळत चढतात, आणि आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांना पाणी देतो. तुमच्याच जिन्यावर ललिता बाबर आणि अविनाश साबळे या धावपटूंचे फोटो आहेत. ललिता आमच्या माणमधल्या मोहीची, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाली. (माझी विद्यार्थिनी नव्हे, उगाच श्रेय घेत नाही.) साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा, हे त्याच्याबद्दल कितीदा छापून आलं आहे. त्या फोटोंखालून तुमची मुलं हाताची घडी घालून, रांगेत, हळूहळू उतरतात.

क्रीडा महोत्सवाबद्दल थोडक्यात. दर डिसेंबरला पहिली-दुसरीच्या प्रत्येक वर्गातून आधीच चार मुलं निवडली जातात, १०० मीटरला. उरलेली तीस-बत्तीस बसकरावर बसून टाळ्या वाजवतात. निवडलेल्यांचंही काय होतं ते पाहा. या वयाच्या मुलाला जोर राखून पळणं जमत नाही. ते शिट्टीबरोबर जीव तोडून सुटतं, अर्ध्यावर धाप लागते, मग मान वळवून प्रेक्षकांत आई शोधायला लागतं. यात मुलाचं काहीच चुकत नाही. गती वाटून घेण्याचं भान वयाबरोबर येतं. आपण मात्र त्या मान वळवण्याला "लक्ष नाही याचं" म्हणतो.

मध्यंतरी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी तोडगा सुचवला: छोट्यांची तीन किलोमीटरची मिनी मॅरेथॉन घ्या, टी-शर्ट द्या, सगळ्यांना मेडल द्या. समितीतल्या दोघांनी अंगठा दाखवलेला मी पाहिला. कृपा करून हे करू नका. २००६ मध्ये ओडिशातल्या बुधिया सिंग नावाच्या चार वर्षांच्या मुलाला पुरीहून भुवनेश्वरकडे ६५ किलोमीटर पळवलं होतं, सात तासांहून जास्त. देशभर कौतुक झालं, मग आरडाओरडा झाला, मग सरकारने त्याचं तसं पळणं थांबवलं. तुमचे तीन किलोमीटर म्हणजे ते नव्हे, कबूल. पण दोन्हींच्या मुळाशी समज एकच आहे की पळणं म्हणजे अंतर.

लहान मूल अंतर पळत नाही. ते कशाच्या तरी मागे पळतं नाहीतर कशापासून तरी पळतं. दहा-पंधरा सेकंद वाऱ्यासारखं, मग थांबतं, कमरेवर हात ठेवतं, मुंगी बघतं, पुन्हा सुटतं. मोठ्या माणसाची दमणूक उतरायला वेळ लागतो, पोरं मिनिटाभरात ताजी होतात. आपले सगळे जुने खेळ याच हिशेबाने रचलेले आहेत. खो-खो बघा: पाठलाग करणारा जेमतेम काही सेकंद पळतो, खो देतो आणि बसतो. त्या खेळाचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला, पुरुषांचा आणि महिलांचा दोन्ही भारताने जिंकले, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. तुम्ही तेव्हा फलकावर अभिनंदन लिहिलं होतं, रंगीत खडूने, छान.

फेऱ्या बंद केल्यावर मी माझ्या वर्गात काय करायचे ते सांगते. एक खेळ चिंचोक्यांचा. साहित्य फुकट, माणमध्ये चिंचोक्यांना तोटा नव्हता, तुमच्या मागच्या गेटापाशीही चिंच आहे. वर्गाचे चार गट. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार ताटल्या, मधोमध चिंचोक्यांचा ढीग, प्रत्येक ताटलीपासून वीसेक पावलांवर. शिट्टी झाली की सगळ्यांनी एकदम सुटायचं, एका खेपेला एकच चिंचोका आणायचा, आपल्या ताटलीत टाकायचा, पुन्हा जायचं. ढीग संपला की खेळ संपला, मग ताटल्या मोजायच्या. मोजणी मुलांनीच करायची, दहा-दहाचे गठ्ठे लावून. गुरुवारचं गणितही होऊन जातं!

या खेळात शेवटचा कोण ते दिसत नाही. कुणी जातंय, कुणी येतंय, कुणी चिंचोका पडला म्हणून शोधतंय. चपळ पोर पंधरा आणतं, जड पोर पाच आणतं, आणि ते पाच गेले असते तर गट हरला असता हे मोजताना सगळ्यांना कळतं. आता हिशेब बघा. ३० मुलं, ३०० चिंचोके, म्हणजे सरासरी दहा खेपा. जाऊन-येऊन एका खेपेला साधारण ३० मीटर. प्रत्येक मूल सरासरी ३०० मीटर पळालं. तुमच्या मैदानाची एक फेरी मी पावलांनी मोजली, ती शंभर मीटरच्या आसपास भरते. म्हणजे माझ्या नातीला जेवढी शिक्षा झाली, नेमकं तेवढंच अंतर. तिकडे ती रडवेली होऊन घरी आली. इकडे माझी पोरं ढीग संपला की ओरडायची, "परत, बाई, परत!"

दुसरा विषामृत. तो तुम्हाला माहीतच आहे: ज्याच्यावर राज्य त्याने शिवून "विष" म्हटलं की जागच्या जागी थिजायचं, आपल्यातल्या कुणी येऊन "अमृत" म्हणून शिवलं की सुटायचं. मी तो पकडापकडीपेक्षा जास्त खेळवायचे, त्याला कारण आहे. बाद होण्याच्या खेळात जे मूल सगळ्यात हळू तेच सगळ्यात आधी बाद होतं आणि उरलेला वेळ कडेला बसून काढतं. ज्याला पळण्याची सगळ्यात जास्त गरज तेच सगळ्यात कमी पळतं. विषामृतात कुणी बसत नाही. शिवाय हळू पोराला मित्राला सोडवायला जाण्याचा मान मिळतो, आणि त्या मानापायी ते जे पळतं ते शर्यतीत कधी पळणार नाही.

आणि आपल्याकडे कच्चा लिंबू होता, विसरलात का? सगळ्यात लहान भावंडाला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण आऊट झालं तरी आऊट धरायचं नाही. हा नियम कुणा क्रीडातज्ज्ञाने केलेला नाही. वाड्याच्या अंगणात दहा-बारा वर्षांच्या पोरांनीच तो लावला होता. आपली समिती मोठ्या माणसांची आहे, तिला जमायला हरकत नसावी.

परदेशाचं उदाहरण दिल्याशिवाय आपल्याकडे पटत नाही, म्हणून तेही देते. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत एलेन वायली नावाच्या मुख्याध्यापिकेने २०१२ मध्ये मुलांना रोज पंधरा मिनिटं बाहेर काढायला सुरुवात केली. आहे त्या कपड्यांत, ज्याला जसं जमेल तसं पळायचं, दमलं की चालायचं, गप्पा मारायच्या. शर्यत नाही, नंबर नाही. डेली माइल या नावाने ते पुढे कितीतरी देशांतल्या शाळांनी उचललं. त्यांच्याकडे थंडी आणि चिखल, आपल्याकडे ऊन. म्हणून आपण सकाळी करू, एवढाच फरक.

माझ्या मागण्या या आहेत.

१. मधल्या सुट्टीतल्या पळण्यावर बंदी घालणारी सूचना मागे घ्या. ज्या ग्रुपवर ती टाकलीत, त्याच ग्रुपवर मागे घेतल्याचं टाका. मुलांना प्रार्थनेच्या वेळी सांगा, कारण ग्रुपवर मुलं नाहीत.

२. फेऱ्या, बैठका, कोंबडा यांतलं काहीही शिक्षा म्हणून द्यायचं नाही, असं लेखी ठरवा आणि शिक्षकांच्या खोलीत लावा. सरांवर मला कारवाई नको आहे. त्यांनी नियम पाळला, नियम तुमचा होता.

३. मैदानाचा पूर्वेकडचा भाग पुन्हा मातीचा करा. पैसे लागतील, वेळ लागेल, कळतं. तोवर उचकटलेले ब्लॉक या आठवड्यात बसवून घ्या; त्याला एक गवंडी आणि एक दिवस पुरतो. आणि मधल्या सुट्टीत बस गेटाबाहेर.

४. पहिली ते चौथीला रोज पंधरा मिनिटं खेळून पळण्यासाठी, ऊन चढण्याआधी. गणिताला, गॅदरिंगच्या तालमीला, पाहुण्यांच्या स्वागताला ती द्यायची नाहीत. काळे बूट काढून ठेवायची मुभा द्या. त्या जड बुटांत मी पळून दाखवा म्हटलं तर समितीतलं कुणी पळेल का?

५. येत्या क्रीडा महोत्सवात पहिली-दुसरीची १०० मीटर शर्यत रद्द करून सगळ्या वर्गाने एकदम खेळायचे खेळ ठेवा. तिसरी-चौथीची शर्यत ठेवायची तर ठेवा, पण आधी चार निवडून बाकीच्यांना बसवू नका. ज्याला पळायचंय तो पळेल.

शिक्षकांना हे वाढीव काम वाटेल, याची मला कल्पना आहे. ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं यांत शिक्षक किती पिचतो ते मी भोगलं आहे. म्हणून माझ्याकडून सांगते: आठवड्याचे दोन दिवस मी येईन. मानधन नको. माझ्यासारख्या आणखी तीन निवृत्त बाई आणि एक गुरुजी तयार आहेत; गुरुजींचे गुडघे गेलेत, पण शिट्टी अजून दणदणीत वाजवतात.

शनिवारी साडेदहाला पालकसभा आहे. मी साडेनऊला मैदानावर असेन, मातीच्या बाजूला. पाचशे चिंचोके धुऊन वाळत घातलेत, ताटल्या घरच्याच आणते. ज्या पालकांना मुलांना घेऊन यायचं असेल त्यांनी जुन्या कपड्यांत घेऊन यावं. समितीने एक करावं: त्या दिवशी गेट साडेनऊला उघडं ठेवायला शिपाईकाकांना सांगून ठेवावं.

कळावे,

आपली,
इयत्ता दुसरीतल्या एका मुलीची आजी
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका), सातारा